नव्या विद्यार्थ्यांना वाद्य निवडून देताना

शाळेच्या बँडमध्ये नव्याने येणाऱ्या मुलाच्या हाती कोणते वाद्य द्यायचे, हा प्रश्न वरवर पाहता व्यवस्थेचा वाटतो. पण पुढे ते मूल संगीतात रमणार की काही महिन्यांत वाद्याची पेटी कोपऱ्यात पडून राहणार, हे बऱ्याच अंशी त्याच वेळी ठरते. मी क्लॅरिनेटवादक आहे आणि शाळेत फुंकवाद्ये शिकवते. गेल्या सत्राच्या आरंभी दहा-अकरा वर्षांच्या मुलांच्या नव्या तुकडीसाठी वाद्यनिवडीचे संपूर्ण काम माझ्याकडे आले. तोपर्यंत मी या कामात ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या हाताखाली मदत करत असे. आता मुलांना वाद्ये ऐकवणे, ती हाताळायला देणे, प्रत्येकाची नोंद ठेवणे, पालकांशी बोलणे आणि अखेरची यादी लावणे हे सगळे माझ्यावर होते. बँड नव्याने उभा करणाऱ्या शिक्षकांना उपयोग व्हावा, म्हणून त्यातले तपशील येथे लिहीत आहे.

या निवडीत तीन गोष्टींची ओढाताण असते. मुलाला कोणता आवाज आवडतो, त्याच्या ओठांना, दातांना, बोटांना आणि हातांच्या लांबीला काय सोपे जाते, आणि बँडला कशाची गरज आहे. यांतली कोणतीही बाजू सोडून चालत नाही, परंतु त्यांचा क्रम लावावा लागतो आणि तो काम सुरू करण्यापूर्वीच माझ्या मनाशी पक्का होता. आवाजाची आवड पहिली. ज्या वाद्याचा आवाज मुलाच्या कानाला मुळात रुचत नाही, ते वाद्य त्याच्या ओठांना कितीही सोयीचे असले तरी ते मूल घरी गेल्यावर आपणहून वाजवायला बसत नाही; आणि आवाजावर जीव जडला असेल तर सुरुवातीच्या पुष्कळ अडचणी ते सोसते. शारीरिक सोय दुसरी, कारण पहिल्या काही आठवड्यांत सूर निघालाच नाही तर आवडही टिकत नाही. बँडची गरज तिसरी. ती तिसरी असली तरी खरी असते. खर्जातली वाद्ये नसतील तर वरच्या वाद्यांना आधार राहत नाही, आणि आपला सूर बरोबर लागला की नाही हे मुलांना स्वतःलाही नीट ऐकू येत नाही. रिकाम्या जागा मोजून त्यांत मुले बसवण्याची खोगीरभरती मला करायची नव्हती, पण त्या जागांकडे डोळेझाक करणेही शक्य नव्हते.

सुरुवात ऐकण्यापासून केली. आधीच्या तुकड्यांतल्या, चांगला सूर असलेल्या मुलांना पडद्यामागे बसवले आणि प्रत्येकाकडून एकच साधी धून आपापल्या वाद्याच्या मधल्या, मोकळ्या पट्टीत वाजवून घेतली. नव्या मुलांच्या हाती फक्त क्रमांक छापलेला कागद होता. प्रत्येक क्रमांकापुढे ‘पुन्हा ऐकावासा वाटतो’, ‘ठीक वाटतो’ आणि ‘नको वाटतो’ असे तीन रकाने होते. वाद्याचे नाव कोठेही नव्हते आणि ते दिसतही नव्हते.

पडद्याचा आग्रह मी मुद्दाम धरला होता. वाद्याचे नाव किंवा रूप डोळ्यांपुढे आले की त्याबरोबर त्याची ख्यातीही येते: हे मुलींचे, ते मुलांचे, हे रुबाबदार, ते अवजड. हॅरल्ड एबलस आणि सुझन पोर्टर यांनी १९७८ साली अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ही गोष्ट स्पष्टपणे मांडली आहे; लोकांच्या मनात फ्लूट, व्हायोलिन आणि क्लॅरिनेट ही वाद्ये मुलींच्या बाजूला, तर ड्रम, ट्रॉम्बोन आणि ट्रम्पेट ही मुलांच्या बाजूला सरकलेली त्यांना आढळली. वर्गात हे रोज दिसते. फ्लूट मागायला संकोचणारा मुलगा आणि ट्यूबा या भल्या मोठ्या, खर्जातल्या पितळी वाद्याकडे वळून पाहणारी, पण मैत्रिणी काय म्हणतील म्हणून गप्प बसणारी मुलगी, दोघेही शिक्षकाला सहज ओळखता येतात. कागदावर केवळ क्रमांक असला की हा संकोच आड येत नाही.

आवाजाच्या आवडीला पहिले स्थान देण्याचा विचार नवा नाही. संगीतशिक्षणातले अमेरिकन अभ्यासक एडविन गॉर्डन यांनी १९८४ साली याच हेतूने एक चाचणी तयार केली होती. तीत एकच धून सात वेगवेगळ्या कृत्रिम ध्वनींत ऐकवली जाते, दर वेळी दोन ध्वनी समोरासमोर ठेवले जातात आणि मुलाने त्यांतला अधिक आवडलेला निवडायचा असतो. हे ध्वनी कोणत्याही वाद्याची हुबेहूब नक्कल करत नाहीत, पण प्रत्येकाचे नाते एका वाद्याशी किंवा वाद्यांच्या गटाशी जुळते. आमच्याकडे वाजवणारी मुले हाताशी होती, त्यामुळे मी खरी वाद्ये वापरली. एकच धून आणि अदृश्य वाद्य ही कल्पना मात्र तीच होती.

कागद गोळा करून पाहिल्यावर, वाद्ये दाखवून विचारले असता जे चित्र नेहमी दिसते त्यापेक्षा वेगळे चित्र समोर आले. वाद्ये पाहिल्यावर मुलांचा मोठा घोळका सॅक्सोफोन आणि ड्रमकडे जातो. पडद्यामागून ऐकल्यावर मात्र युफोनियम या ट्यूबापेक्षा लहान पितळी वाद्याच्या पुढे ‘पुन्हा ऐकावासा वाटतो’ अशा बऱ्याच खुणा होत्या, आणि ट्रॉम्बोनपुढेही. युफोनियमचे नावही यांतल्या बहुतेक मुलांनी पूर्वी ऐकलेले नव्हते. त्याचा भरदार, मऊ आवाज त्यांना आवडला होता एवढेच, आणि तेवढे पुरेसे होते. त्यानंतरच पडदा बाजूला केला, वाद्ये दाखवली आणि नावे सांगितली.

दुसऱ्या टप्प्यात घरी भरून आणायचा एक अर्ज दिला. त्यात पसंतीची तीन वाद्ये, पूर्वी पियानो किंवा गायन शिकले असल्यास त्याचा उल्लेख, दातांना तारा आहेत का किंवा लवकरच बसवायच्या आहेत का, आणि दम्यासारखा श्वसनाचा काही त्रास आहे का, एवढे प्रश्न होते. श्वसनाचा प्रश्न मुलाला वगळण्यासाठी नव्हता. फुंकवाद्य वाजवण्याबाबत डॉक्टरांचा सल्ला घेतलेला असावा आणि तो आम्हाला माहीत असावा, इतकाच त्याचा उद्देश होता.

यानंतर प्रत्यक्ष चाचण्या सुरू झाल्या आणि या कामाचा खरा कस तेथेच लागला. प्रत्येक मुलाला मी एकट्याला बोलावले. समोर दुसरी मुले रांगेत उभी असली की पहिला सूर न निघाल्याची लाज वाटते आणि लाजलेल्या मुलाचे ओठ आणखी घट्ट होतात. टेबलावर एका बाजूला स्वच्छ केलेले आणि दुसऱ्या बाजूला वापरलेले माउथपीस, म्हणजे वाद्याचे तोंडाला लावायचे भाग, ठेवण्याची जागा ठरवून दिली होती. प्रत्येक वापरानंतर माउथपीस जंतुनाशक द्रावणाने पुसायचा आणि तो पूर्ण वाळल्याशिवाय पुढच्या मुलाला द्यायचा नाही, हा नियम कितीही घाई असली तरी मोडला नाही. एबोनाइटचे माउथपीस कढत पाण्यात घातले तर त्यांचा रंग उडतो आणि आकारही बिघडू शकतो, म्हणून ते कोमट पाण्यानेच धुतले. वेताची रीड, म्हणजे फुंकल्यावर थरथरून सूर काढणारी पातळ पट्टी, एकाने वापरल्यावर दुसऱ्याला देता येत नाही. त्यासाठी सहज निर्जंतुक करता येणाऱ्या प्लॅस्टिकच्या रीड ठेवल्या होत्या.

फ्लूटपासून आरंभ केला. संपूर्ण वाद्य हातात न देता केवळ वरचा तुकडा, म्हणजे ज्याला फुंकण्याचे छिद्र असते तो भाग, मुलाच्या खालच्या ओठाखाली टेकवायचा आणि बाटलीच्या तोंडावरून फुंकर मारतात तशी फुंकर छिद्राच्या पलीकडच्या कडेवर मारायला सांगायची. तुकड्याचे टोक मोकळे असताना साधारण ‘ए’ हा पाश्चात्त्य स्वरनामातला सूर मिळतो आणि तळहाताने ते बंद केले की त्याच्या खालच्या सप्तकातला. पहिल्याच फुंकरीत सूर निघाला की नाही, याला मी फार महत्त्व दिले नाही. दोन-तीन सूचना दिल्यावर फुंकरीची दिशा मुलाला बदलता येते का, आणि मिळालेला सूर पुन्हा शोधून काढता येतो का, याकडे माझे लक्ष होते. वरच्या ओठाच्या मध्यभागी थेंबासारखा उतरता भाग असेल तर हवेची धार दोन भागांत फाटते, असे अनेक शिक्षक सांगतात आणि ते खरेही आहे. परंतु ओठांच्या मध्यापासून थोडे बाजूला छिद्र ठेवून उत्तम वाजवणारे वादक असतात, म्हणून केवळ या कारणासाठी मी कोणाच्याही नावापुढे फुली मारली नाही. फ्लूटमध्ये फुंकलेल्या हवेचा मोठा भाग बाहेरच निघून जातो, त्यामुळे सुरुवातीला मुलांना गरगरल्यासारखे होते. प्रत्येकाला बसवून, मध्ये थांबवून, दोन साधे श्वास घ्यायला लावूनच पुढे गेले.

क्लॅरिनेटची चाचणी माझ्या हातची, आणि तीत मी सर्वांत जास्त वेळ घालवला. माउथपीस आणि त्याखालचा छोटा नळीचा भाग एवढेच जोडून मुलाला द्यायचे, वरचे दात माउथपीसवर टेकवायला सांगायचे, खालचा ओठ किंचित आत वळवून रीडखाली घ्यायला लावायचा आणि हनुवटी सपाट ठेवून फुंकायला सांगायचे. ओठांची ठेवण आणि फुंक दोन्ही योग्य असली की वास्तविक स्वरमानात, म्हणजे प्रत्यक्ष कानाला ऐकू येणाऱ्या उंचीत, ‘एफ शार्प’च्या जवळचा सूर स्थिर राहतो. सूर त्याच्या बराच खाली घसरत असेल तर ओठ सैल आहेत, आणि वर चढत असेल तर मूल चावत आहे, असे समजावे. दोन्ही गोष्टी शिकवून सुधारतात, पण सुधारायला किती वेळ लागेल याचा अंदाज तेथेच येतो.

क्लॅरिनेटमध्ये बोटांचाही प्रश्न असतो. या वाद्याची सात छिद्रे उघडी असतात आणि ती बोटांच्या पेरांनीच झाकावी लागतात. फ्लूट आणि सॅक्सोफोनसारखी गादीची झाकणे तेथे नसतात. छिद्राच्या कडेला केसाएवढी फट राहिली तरी सूर चिरकतो. यासाठी मी मुलांना वाद्य धरून छिद्रे काही क्षण घट्ट दाबायला सांगत असे आणि मग हात उघडून बोटे पाहत असे. पेरांवर पूर्ण गोल ठसा उमटला असेल तर छिद्र झाकले जाते. अर्धाच गोल दिसला तर बोट एका बाजूला घसरते किंवा अजून ते बारीक आहे. एका मुलीच्या अनामिकेवर ठसाच उमटेना. तिने ऐकण्याच्या कागदावर क्लॅरिनेटपुढे सर्वांत ठळक खूण केली होती. मी तिला मनगट थोडे बाहेर काढून बोटे किंचित वाकवायला सांगितले, उजव्या अंगठ्याचा आधार तिच्या हाताला बेताचा करून दिला आणि पुन्हा दाबायला लावले. दुसऱ्या खेपेस गोल पुरा झाला. अशा वेळी घाईने शेरा लिहून मोकळे होणे सोपे असते. पण बोटाची लांबी कमी आहे की हाताची ठेवण चुकते आहे, हे पाहिल्याखेरीज कोणत्याही मुलाला वाद्यापासून दूर करू नये, असे माझे ठाम मत आहे.

सॅक्सोफोनबद्दल थोडक्यात लिहिते. अ‍ॅडॉल्फ साक्स यांनी १८४६ साली पेटंट घेतलेल्या या वाद्यावर पहिला सूर बहुतेक मुलांना लवकर मिळतो आणि म्हणूनच त्याची मागणी अवाजवी वाढते. माउथपीस आणि वाद्याची वरची वाकडी नळी (‘मान’) एवढेच जोडून आल्टो सॅक्सोफोनवर ‘ए फ्लॅट’च्या आसपासचा सूर स्थिर ठेवता येतो का, आणि गळपट्ट्यावर वाद्याचे वजन घेऊन मूल सरळ बसू शकते का, एवढे मी पाहिले. ज्यांना क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन दोन्ही आवडले होते, त्यांना मी आधी क्लॅरिनेट सुचवले, कारण क्लॅरिनेटवरून सॅक्सोफोनकडे जाणे उलट दिशेच्या प्रवासापेक्षा पुष्कळ सोपे असते. ओबो आणि बासून या दुहेरी रीडच्या वाद्यांवर आम्ही नव्या मुलांना बसवत नाही. ती दुसऱ्या वर्षी, इतर वाद्यांवर हात बसल्यानंतर देतो.

पितळी वाद्यांचा भाग मला सर्वांत रोचक वाटला, कारण तेथे रीड नसते. ओठच थरथरून सूर निर्माण करतात. आधी नुसते ओठ थरथरवायचे, मग माउथपीसवर तेच करायचे, आणि मग आवाज खालून वर आणि वरून खाली सरकवत न्यायचा. ट्रम्पेटच्या माउथपीसचा आतला व्यास साधारण १६ ते १७ मिलिमीटर, ट्रॉम्बोनचा २५ मिलिमीटरच्या आसपास आणि ट्यूबाचा ३२ मिलिमीटरच्या आसपास असतो. एकाच मुलाचे ओठ लहान माउथपीसवर आक्रसतात आणि मोठ्या माउथपीसवर मोकळे होऊन भरदार थरथरतात, हे समोर पाहिल्यावर त्याच्याशी वाद घालावा लागत नाही. त्याच्या कानाला ते स्वतःच कळते. ट्रम्पेटची मागणी करणाऱ्या एका मुलाच्या बाबतीत हेच झाले. त्याने युफोनियमचा माउथपीस लावून एक सूर काढला, वाद्य खाली घेतले आणि विचारले, “मॅडम, हा तोच आवाज का, पडद्यामागचा पाचवा?” तो तोच होता. त्याने अर्जातला पहिला क्रम तेथल्या तेथे बदलला.

ओठ जाड असले तर ट्रम्पेट जमत नाही, असा समज पालकांत आणि काही शिक्षकांतही पक्का आहे. मी तो मानत नाही. ओठांच्या जाडीपेक्षा त्यांचा मधला भाग हवेच्या झोताला किती सहज प्रतिसाद देतो, हे महत्त्वाचे असते, आणि ते माउथपीस लावल्याशिवाय कोणालाही सांगता येत नाही. दातांचा विचार मात्र करावा लागतो. तारा बसवलेल्या दातांवर लहान माउथपीसचा दाब ओठाच्या आतल्या बाजूला बोचतो; मोठ्या माउथपीसवर हा त्रास कमी जाणवतो. तारा लवकरच बसणार असलेल्या मुलांना ट्रम्पेट किंवा हॉर्न हवेच असेल, तर तारा बसल्यावर काही आठवडे मागे पडल्यासारखे वाटेल, हे मी त्यांना आणि पालकांना आधीच सांगून ठेवले.

ट्रॉम्बोनसाठी कान आणि हाताची लांबी दोन्ही पाहावी लागतात. इतर पितळी वाद्यांवर व्हॉल्व्हची कळ दाबली की नळीची लांबी ठरलेल्या मापाने वाढते, पण ट्रॉम्बोनच्या स्लाइडवर, म्हणजे मागे-पुढे सरकणाऱ्या नळीवर, कोठे थांबायचे हे वाजवणाऱ्याच्या कानावर असते. बँडचे बहुतेक प्राथमिक धडे वास्तविक स्वरमानातल्या बी फ्लॅट, सी, डी, ई फ्लॅट आणि एफ या पाच सुरांनी सुरू होतात, आणि त्यांतला सी ट्रॉम्बोनवर सहाव्या स्थानावर, म्हणजे स्लाइड जवळजवळ पूर्ण बाहेर ढकलल्यावर मिळतो. दहा वर्षांच्या मुलाचा हात तेथवर पोचेलच असे नाही. ज्यांचा पोचत नव्हता, पण ज्यांनी ट्रॉम्बोनलाच पहिली पसंती दिली होती, त्यांच्यासाठी शाळेकडे असलेले एफ झडप (जास्तीची नळी उघडणारा व्हॉल्व्ह) जोडलेले ट्रॉम्बोन राखून ठेवले. त्या झडपेमुळे तोच सी पहिल्या स्थानावर वाजवता येतो. वाद्यात सोय असताना मुलाला ‘अजून वाढ, मग ये’ असे सांगण्यात अर्थ नव्हता.

फ्रेंच हॉर्नबाबत मी सर्वांत कडक होते. हॉर्नच्या माउथपीसचा व्यास ट्रम्पेटच्या जवळपास असतो, पण एफ हॉर्नची नळी सुमारे ३.७ मीटर लांब असते आणि ट्रम्पेटची सुमारे १.४ मीटर. नळी लांब असल्याने हॉर्नवर नेहमीच्या वापरातले सूर स्वरमालिकेच्या, म्हणजे एकाच नळीतून केवळ ओठांनी निघणाऱ्या सुरांच्या ओळीच्या, वरच्या भागात येतात, तेथे शेजारचे सूर एकमेकांना अगदी खेटून असतात, आणि ओठ जरा हलले की भलताच सूर लागतो. व्हॉल्व्ह बरोबर दाबूनही सूर चुकू शकतो, म्हणून वाजवण्यापूर्वी तो मनात ऐकू येणे भागच असते. यासाठी मी पियानोवर एक सूर देऊन तो गुणगुणायला सांगत असे, मग थोडा वेळ भलत्याच विषयावर बोलून तोच सूर पुन्हा मागत असे. ज्यांनी तो सूर जपून ठेवला होता, त्यांनाच हॉर्न सुचवला. गायन शिकलेल्या एका मुलीने हॉर्न अर्जात लिहिलाच नव्हता. पडद्यामागचा तो आवाज तिला ‘ठीक’ वाटला होता. तिला मी हॉर्न पुन्हा, या वेळी जवळ बसून ऐकण्याची विनंती केली आणि निर्णय तिच्यावर सोडला. दोन दिवस विचार करून तिने होकार दिला. तिने नकार दिला असता तर मी आग्रह धरला नसता.

तालवाद्यांसाठी जागा थोड्या आणि उमेदवार पुष्कळ असतात. पायाने स्थिर लय धरून हातांनी वेगळा बोल वाजवणे, दिलेला ताल ऐकून तसाच परत करणे, आणि लय न वाढवता आवाज लहान-मोठा करणे, एवढी परीक्षा मी घेतली. अनेक मुले मोठ्या आवाजाबरोबर वेगही वाढवतात. तीच खरी पारख असते. शिवाय तालवाद्याच्या विद्यार्थ्याला ग्लॉकनश्पील आणि झायलोफोन ही सुरांच्या पट्ट्यांची वाद्येही वाजवावी लागतात, तेव्हा स्वरलिपी वाचण्यापासून त्याची सुटका नाही, हे स्पष्ट सांगितल्यावर काही मुलांनी आपणहून दुसरी पसंती पुढे केली. पियानो शिकलेल्या मुलांना मी येथे झुकते माप दिले आणि ते योग्यच होते असे मला वाटते.

चाचण्या संपल्यावर यादीचे काम आले. साठ मुलांच्या तुकडीसाठी मी फ्लूट ८, क्लॅरिनेट १४, आल्टो सॅक्सोफोन ६, ट्रम्पेट १०, हॉर्न ४, ट्रॉम्बोन ७, युफोनियम ३, ट्यूबा ३ आणि तालवाद्ये ५ असा साचा डोळ्यांसमोर ठेवला होता. क्लॅरिनेट सर्वांत जास्त, कारण बँडच्या मधल्या पट्टीचा बराचसा भार तेच उचलतात आणि पुढे त्यांतलीच काही मुले बास क्लॅरिनेट किंवा सॅक्सोफोनकडे वळतात. प्रत्येक मुलाच्या नावाची चिठ्ठी करून तिच्यावर ऐकण्याचा कल, चाचणीची नोंद आणि अर्जातला क्रम लिहिला आणि चिठ्ठ्या मोठ्या टेबलावर मांडल्या. एकच नियम अढळ ठेवला होता: ज्या आवाजापुढे मुलाने ‘नको’ अशी खूण केली आहे, तेथे त्याला बसवायचे नाही, मग ती जागा रिकामी राहिली तरी चालेल. ट्यूबाची एक जागा त्यामुळे खरोखरच रिकामी राहिली. सहकाऱ्यांपैकी एका सरांनी सुचवले, “एखाद्या उंच मुलाला समजावून सांगा, ऐकेल तो.” मी नम्रपणे नकार दिला. उंची पाहून ट्यूबा देण्याची रीत जुनी आहे; पण ट्यूबा स्टँडवर ठेवून वाजवता येतो, लहान आकाराचेही ट्यूबा असतात, आणि ज्याला खर्जातला तो सूर मनापासून आवडत नाही, त्याला तो उंचीच्या जोरावर आवडायला लावता येत नाही.

पालकांच्या बैठकीत बोलण्याची तयारी मी नीट केली होती. ज्यांच्या मुलांना पहिली पसंती मिळाली नव्हती, त्यांना निरोप न पाठवता मी प्रत्यक्ष बोलावले. त्यांना मुलाने भरलेला ऐकण्याचा कागद दाखवला, चाचणीत काय दिसले ते सांगितले आणि मग वाद्याचे नाव घेतले. कागद मुलाच्याच हातचा असल्यामुळे बोलणे सोपे गेले. एका वडिलांना मुलीने ट्रॉम्बोन घेऊ नये असे वाटत होते; ते वाद्य तिला शोभणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. मी मुलीलाच आत बोलावून तिला चाचणीत काढलेला सूर पुन्हा काढायला सांगितले. तो सूर ऐकल्यानंतर त्यांनी तिला एवढेच विचारले, “तुला हेच हवे आहे ना?” तिने मान डोलावली आणि अर्जावर सही झाली. घरी आधीपासून एखादे वाद्य पडून आहे म्हणून मुलाला तेच द्यावे, असा आग्रह धरणारेही पालक होते. तेथे मी ठाम राहिले, आणि त्या जुन्या वाद्याची अवस्था तपासून घेतल्याशिवाय ते मुलाच्या हाती देऊ नये, असेही सांगितले. गळकी झाकणे आणि अडकणारे व्हॉल्व्ह असलेल्या वाद्यावर शिकणारे मूल दोष स्वतःकडे घेते.

वाद्ये हाती आल्यावर ही निवड संपली, असे मी मानले नाही. पहिल्या काही आठवड्यांनंतर प्रत्येकाशी पुन्हा बोलायचे आणि खरोखर गरज असेल तर बदल करायचा, असे आधीच जाहीर केले होते. हे जाहीर केल्याचा फायदा असा झाला की, पहिल्याच आठवड्यात कंटाळून बदल मागणारी मुले थांबली आणि खरी अडचण असलेली मुले मोकळेपणाने बोलली. एका मुलाला ट्रम्पेटवर वरचे सूर काढताना ओठ दुखत होते, सूर खाली मात्र भरदार लागत होता. त्याला युफोनियम दिले. युफोनियमसाठी वरच्या क्लेफमध्ये, म्हणजे ट्रम्पेटच्याच लेखनपद्धतीत, लिहिलेली स्वरलिपी वापरली तर बोटांची ठेवण ट्रम्पेटसारखीच राहते आणि सूर एक सप्तक खाली वाजतो, त्यामुळे शिकलेले काही वाया गेले नाही. पुढच्याच तासाला तो इतरांबरोबर वाजवत होता. फ्लूटवरच्या एका मुलीला अजूनही सूर धरून ठेवता येत नव्हता. चाचणीतही तिची नोंद बेताची होती, पण आवड इतकी तीव्र होती की मी तिला फ्लूटच दिला होता. बदल हवा का, असे विचारल्यावर ती ठामपणे नाही म्हणाली. तिला रोज थोडा वेळ केवळ वरच्या तुकड्यावर, आरशासमोर सराव करायला सांगितले, आणि तिचा सूर हळूहळू स्थिर होत गेला.

पुढच्या तुकडीसाठी प्रक्रियेत दोन गोष्टी बदलल्या आहेत. पडद्यामागे खर्जातली वाद्ये आता आरंभीच वाजवली जातील, कारण शेवटी ऐकलेल्या आवाजांकडे मुलांचे लक्ष थकलेले असते. ऐकण्याचा कार्यक्रमही एकाच दिवशी न करता दोनदा, वेगळ्या धुनेवर करायचा असे ठरले आहे, म्हणजे धून आवडली की आवाज आवडला हे वेगळे करता येईल. रिकाम्या राहिलेल्या ट्यूबाच्या जागेवर, सत्राच्या मध्यावर, युफोनियम वाजवणाऱ्या मुलांपैकी एकाने स्वतःहून येऊन ट्यूबा वाजवून पाहण्याची परवानगी मागितली. त्याची चाचणी येत्या आठवड्यात घ्यायची आहे.